पाऊण वळण

यंदा अकोल्यात थंडी उशिरा आली. दिवाळी होऊन महिना झाला तरी पंखे फिरतच होते. मग एका सकाळी मैदानावर गेले तर रांगेतल्या मुलींच्या तोंडातून वाफ निघत होती आणि शाळेच्या भिंतीपलीकडचं निंबाचं झाड धुईत अर्धंच दिसत होतं. शाळेबाहेर हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन बाया बसल्या होत्या. त्या भाजीचा आंबट, ओला वास आला आणि माझे हात गार पडले. दर हिवाळ्यात एकदा असं होतं.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आहे. त्या सकाळी आठवीच्या मुली कमरेतून वळण्याचा व्यायाम करत होत्या. एकीला अर्ध्यावरच अडकायला होत होतं. ती म्हणाली, "मॅडम, पाठीले हात लावा न. मग जमते."

"तुझं तुला जेवढं येते तेवढं कर," मी म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

चार हिवाळे झाले, मी कुणाच्या पाठीला हात लावलेला नाही. सगळं स्वतःच्या शरीरावर करून दाखवते. शाळेत हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. उलट मुख्याध्यापक म्हणतात की मॅडम या वयातही किती वाकतात, बघा.

चार वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात माझे पती सुधाकर यांना गोल्फचं वेड लागलं होतं. आमच्याकडे हे सांगितलं की लोक हसतात. पाणीपुरवठा खात्यातला उपअभियंता, वय त्रेपन्न, गाव हिवरखेड, आणि गोल्फ. मीही हसले होते. त्यांची पाठ पंचवीस वर्षं जीपमध्ये आणि टेबलाशी बसून लाकडासारखी झाली होती. गाडी मागे घेताना त्यांना मान वळवता यायची नाही, सगळं आरशात पाहून करत. हाक मारली तर माणूस मान वळवतो, हे अख्खेच्या अख्खे वळायचे, कपाट फिरवावं तसे.

वेड लावलं वानखडे सुभेदारांनी. हिवरखेडला आमच्या वावराला लागून त्यांचं वावर. खालची जमीन काळी, कसदार. पण सातपुड्याच्या बाजूचा त्यांचा एक तुकडा नुसता बरड, मुरूम आणि कुसळं. फौजेत असताना सुभेदारांनी एका छावणीत साहेब लोकांचं गोल्फचं मैदान कितीतरी वर्षं सांभाळलं होतं. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी त्या बरडावर तीन खळगे केले. खळग्याभोवती गोल वाळू अंथरली आणि ती उडू नये म्हणून तीत ट्रॅक्टरचं जळकं तेल कालवलं. खताच्या पोत्याचे तीन झेंडे लावले. रोज सकाळी एकटेच खेळत. गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं, पण फौजी माणूस, तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं.

दर रविवारी आम्ही अकोल्याहून गावी जायचो. शेती सुधाकरांचे धाकटे भाऊ, दिनकर भाऊजी, पाहतात. एका रविवारी भाऊजींशी पिकाचं बोलता बोलता सुधाकर दोन वावरांमधल्या धुऱ्यापलीकडे गेले आणि तासाने परत आले. हाताला तेल, चेहरा लहान मुलासारखा.

"मंदा, चार चेंडू मातीत गेले. पाचवा लागला. हातले काईच समजलं नाही. बस, गेला. तुरीवरून गेला."

त्यांच्या तोंडून इतकं आनंदाचं वाक्य मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

पुढचे रविवार डोळ्यांसमोर आहेत ते असे. तूर फुलात येऊन गेलेली, खालच्या शेंगा भरलेल्या. मी धुऱ्यावर बसून शेंगांतले हिरवे सोले काढते आहे, नखांना हिरवा डाग. भाऊजींच्या घरून चुलीवरच्या वांग्यांचा वास. कापूस वेचणाऱ्या बाया ओळीत वाकलेल्या, मधूनच मान वर करून या दोन बाप्यांकडे पाहणाऱ्या. आणि ऊन वर चढत असताना सुभेदारांचा सावकाश आवाज.

"साहेब, तुमी हात मागं नेऊन राहिले. हात नाई न्यायचे. पाठ फिरवा. झेंड्याले तुमची पाठ दिसली पायजे."

"नाई फिरत न, सुभेदार."

"मंग पाऊण घ्या. पन्नाशीच्या माणसाले पाऊण लय झालं. डावी टाच उचला थोडीक, अन् पाऊण. पुऱ्याचा हट्ट नका करू. आंग जे देते ते घ्या."

काठी मागे नेण्याला ते बॅकस्विंग म्हणत नसत. 'वळण' म्हणत. पुरं वळण, पाऊण वळण.

मला ते पाऊण खटकायचं. मी अमरावतीत वाढले, राजापेठेत. तिथेच शारीरिक शिक्षण शिकले. विसाव्या वर्षी मी मागे वाकून दोन्ही हातांनी घोटे धरत असे. सकाळच्या गारठ्यात फरशीवर पाय ताणून रडलेल्या मुली संध्याकाळी हसत त्याच फरशीवर पाय लांब करताना मी पाहिल्या होत्या. तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकवत आले होते: शरीर आळशी असतं, आपण मागितलं तर देतं. आणि इथे एक म्हातारा फौजी माझ्या नवऱ्याला सांगत होता की मागू नका.

घरी आल्यावर मी म्हणाले, "सुभेदार जुन्या वळणाचे आहेत. तुमची पाठ मी मोकळी करते. मकर संक्रांतीपर्यंत पुरं वळून दाखवाल."

"तू म्हणतं तं होईन," ते म्हणाले.

मग रोज सकाळी सहाला गच्चीवर सतरंजी. अंधार विरत असायचा, शेजारच्या टाकीतून पाणी सांडल्याचा आवाज, कुठेतरी शेकोटीचा धूर. आधी मान, मग खांदे, मग कंबर. शेवटी अर्धमत्स्येंद्रासन: बसून एक पाय दुमडायचा, दुसरा त्यावरून पलीकडे टेकवायचा आणि धड वळवायचं. मी मागे गुडघ्यावर बसे. एक हात त्यांच्या खांद्यावर, एक हात पाठीच्या मधोमध. त्यांच्या बनियनला झोपेचा आणि साबणाचा वास असायचा. ते श्वास सोडत आणि मी हलकेच रेटा देई. पहिल्या आठवड्यात त्यांना गच्चीचा कठडा दिसला. तिसऱ्या आठवड्यात जिन्याचं दार. महिना झाला तेव्हा अगदी मागची पाण्याची टाकी दिसली आणि ते म्हणाले, "अरे, हिरवी आहे का ही? मले वाटे काळी हाय."

मला वाटतं आमच्या लग्नातले ते सर्वांत जवळचे दिवस होते. इतका वेळ आम्ही एकमेकांना कधी शिवलं नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण त्याच दिवसांत त्यांचं शरीर मला रोज काहीतरी सांगत होतं आणि ते माझ्याच हाताखाली होतं.

ते थकायला लागले होते. रविवारी खेळून आले की भाऊजींच्या ओट्यावर आडवे होत, जेवायला उठवावं लागे. पॅन्ट सैल झाली. मला आनंद झाला, पोट उतरलं म्हणून. बरगडीत दुखतं म्हणाले. मी म्हणाले, ताण पडला असेल. एकदा म्हणाले, "कूस बदलताना कळ येते, मंदा. आतून येते."

"स्नायू जागे होतात तेव्हा असंच होतं," मी म्हणाले.

हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा म्हटलं होतं. त्यानंतर एकदाही म्हटलेलं नाही.

पुस महिना लागला त्या रविवारी सुभेदार धुऱ्यावर माझ्याजवळ येऊन बसले. सुधाकर दूर दुसऱ्या झेंड्याशी वाळूत चेंडू ढकलत होते. सुभेदार त्यांच्याकडेच पाहत म्हणाले, "बाई, एक सांगू का. साहेबाचा रंग उतरला. वळतात चांगले आता, पण रंग उतरला. कोणाले दाखवून घ्या एकडाव."

"वय झालं, सुभेदार. व्यायाम सुरू केला की आधी उतरतोच माणूस."

सुभेदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली आणि उठून गेले.

त्यानंतरच्या बुधवारची गोष्ट. संक्रांत दोन दिवसांवर होती. गच्चीवर इतकी धुई की टाकी दिसत नव्हती. सुधाकर उजवीकडे वळले होते, माझे हात रोजच्या जागी होते. त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "बस, मंदा. झालं."

मी म्हणाले, "अजून बोटभर."

आवाज मोठा नव्हता. वाळलेली तुरीची शेंग उन्हात फुटते, तेवढाच. तो मला कानांनी ऐकू आला की तळहाताला, हे अजून सांगता येत नाही. सुधाकर ओरडले नाहीत. "थांब," एवढंच म्हणाले. मग सतरंजीवर हळूच कलंडले, आणि पाय सरळ करायला गेले तर ते सरळ होईनात.

अकोल्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने मला विचारलं, "काय करत होते हे?" मी तोंड उघडायच्या आत सुधाकर म्हणाले, "गोल्फ खेळत होतो. गावाकडे. रविवारी एक फटका जोरात मारला, तेव्हापासून दुखत होतं, आज वाढलं."

डॉक्टरने लिहून घेतलं. सुधाकरांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

दोन दिवसांनी फोटो आणि रक्ताचे अहवाल आले. पाठीचा एक मणका चेपला होता. आणखी दोन पोखरलेले होते. रक्ताचा कॅन्सर, हाडांच्या आतल्या मगजात वाढणारा. तो बहुधा वर्षभरापासून आत होता. आम्ही अमरावतीला गेलो, कारण तिथे इलाज करणारे डॉक्टर होते आणि राजापेठेत माझ्या भावाचं घर होतं. त्या डॉक्टरांना मी एकटं गाठलं. गच्चीवर काय झालं ते त्यांना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "ते हाड कशानेही मोडलं असतं. शिंकेनेसुद्धा."

हे वाक्य मी खूप जपून ठेवलं. पण ते शिंकले नव्हते.

भावाच्या घराखाली शिकवणी वर्ग होता. सकाळी सहापासून पोरं सूत्रं म्हणायची, खाली स्कूटर लावायची, काढायची, हॉर्न वाजवायची. सुधाकर वरच्या खोलीत पाठीला पट्टा बांधून उताणे पडून असत, छताकडे पाहत. एका दुपारी मी विचारलं, "खोटं का सांगितलं?"

"तुह्या शाळेत कळलं असतं तं? पीटीच्या बाईनं नवऱ्याची पाठ मोडली." ते थोडे हसले. हसल्यावर दुखलं, म्हणून थांबले. "सुभेदाराचं काय जाते? फौजी माणूस."

पण गेलं. दिनकर भाऊजींना डॉक्टरचं बोलणं पटलं नाही. गावात कुणालाच पटलं नाही. मार लागला आणि त्याचाच कॅन्सर झाला, असं सगळे म्हणू लागले. आमच्याकडे असं मानतातच. भाऊजी सुभेदारांच्या दारात गेले आणि चारचौघांत बोलले. ते काय बोलले हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, जरा समाधानाने: "मी म्हटलं, तुमच्या साहेबी खेळापायी माह्या भावाची कंबर मोडली. आता खेळा म्हटलं एकटेच." मी फोन कानाला लावून उभी होते. खाली पोरं मोठ्याने पाढा म्हणावा तसं काहीतरी म्हणत होती. मी म्हणाले, "बरं, भाऊजी."

महाशिवरात्रीच्या सुमारास सुभेदार अमरावतीला आले. इतक्या लांब, दोन गाड्या बदलून. हातात पिशवी, पिशवीत शेवटच्या बहराचे सोले. दारातच उभे राहिले, टोपी हातात. खाटेकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, माह्याच्यानं झालं हे. मी तुमाले शिकवाले नाई पायजे होतं."

"तुमचं काही नाई त्यात, सुभेदार," सुधाकर म्हणाले.

"तुमी म्हणानच तसं."

सुधाकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला घेऊन उंबऱ्यात उभी होते. ती नजर मागणारी नव्हती, आग्रहाचीही नव्हती. त्यांनी फक्त मला जागा करून दिली होती. एक वाक्य होतं, चार-पाच शब्दांचं. ते मला येत होतं.

मी म्हणाले, "सुभेदार, चहा ठेवते."

उन्हाळ्यात कळलं की सुभेदारांनी तो बरड नांगरून टाकला. तेलाची वाळू, खळगे, सगळं. तिथे तूर पेरणार म्हणे. भाऊजी म्हणाले, तिथे काय उगवते?

सुधाकर पुढच्या भादव्यात गेले. त्याच्या काही दिवस आधी, बोलायची ताकद होती तेव्हा, म्हणाले होते, "सुभेदाराले सांगून टाकजो एखाद्या दिवशी. मले वाटलं, त्याचं काई नाई जाणार." मी हो म्हणाले होते.

माणूस गेल्यावर लोक सांत्वनाला येतात. मला प्रत्येकाने सांगितलं की तुम्ही किती केलंत त्यांचं. पट्टा बांधणं, कूस बदलणं, आंघोळ घालणं. ते खरंच होतं, मी केलं होतं. पण ते ऐकताना मला वाटे, कुणीतरी दुसऱ्याच बाईबद्दल बोलतं आहे आणि मी त्या बाईच्या जागी बसून चहा पिते आहे. पहिल्या हिवाळ्यात ठरवलं, जाऊ. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. दुसऱ्या हिवाळ्यात भाऊजींकडे लग्न होतं. तिसऱ्यात काहीच कारण नव्हतं आणि मी गेले नाही. न सांगण्याचीही सवय होते. मुरूम दाबून घट्ट बसावा तशी ती बसते, मग त्यावरून माणूस रोज चालत जातो.

यंदा त्या आठवीतल्या मुलीने पाठीला हात लावा म्हटलं, आणि त्या रविवारी मी सकाळची गाडी धरली. भाऊजींकडे न जाता थेट सुभेदारांच्या घरी गेले.

ते अंगणात उन्हाला बसले होते. बरेच वाकले आहेत. सुनेने माझ्यासाठी खुर्ची आणली आणि ती आत गेली. घरामागे तो बरड दिसत होता. तुरीची गुडघाभर, किरटी झाडं, मधे मधे नुसतीच माती.

मी प्रस्तावना केली नाही. गच्चीवरचं सगळं सांगितलं. बुधवार, धुई, माझे हात, आवाज. दवाखान्यात सुधाकर का खोटं बोलले, ते. आणि सुभेदार अमरावतीला दारात टोपी घेऊन उभे होते तेव्हा मी का गप्प बसले, ते मात्र सांगता आलं नाही. "मला धीर झाला नाही," एवढंच म्हणाले.

सुभेदार जमिनीकडे पाहत होते. मग म्हणाले, "चार वर्षं झाली, बाई. गावात कोणी माह्या पोराले साजरं बोलत नाई. दिनकरभाऊ त रस्ता बदलते. ते जाऊ द्या. मी खेळाची काठी धरली नाई. रात-दिस एकच इचार करो, की मी कोठं चुकलो. पाय सांगतला तो चुकीचा का टाच चुकीची. सारं पुन्हा पुन्हा आठवो. कोठंच चूक सापडे नाई."

"तुमची नव्हतीच."

"आता म्हणता तुमी."

आत भांड्यांचा आवाज. मग त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, मैदानावर विचारावं तसं: "त्या दिवशी साहेब कितीक वळले होते?"

मला आधी समजलं नाही.

"ते बस म्हणले न. तवा कितीक वळले होते? दाखवा."

मी उठले. अंगणात उभी राहिले, हात छातीशी धरले आणि सुधाकर त्या क्षणी जिथे थांबले होते तिथवर वळले. मला ती जागा अचूक माहीत आहे. माझ्या तळहातांना ती पाठ आहे. सुभेदार काठीचा आधार घेत उठले आणि माझ्या मागून, मग बाजूने, माझ्या खांद्याची रेघ पाहू लागले. एक डोळा बारीक करून, चार वर्षांपूर्वी सुधाकरांची पाहायचे तशी.

"इथं म्हणले बस?"

"हो."

"हे पाऊणच्या वर हाय," ते म्हणाले. "साहेबाले जमलं होतं. मी याच्याऊन जास्त कधी मागतलंच नाई."

मी तशीच उभी होते. त्यांनी तोंड बरडाकडे केलं.

"दिनकरभाऊले तुमीच सांगा," ते म्हणाले. "मी नाई सांगणार. अन् आता जा तुमी. मले तुमच्याशी बोलता नाई येणार आज."

भाऊजींचं घर दोन गल्ल्यांपलीकडे होतं. मी तिकडे गेले. भाऊजी ओट्यावर जेवायला बसले होते. मला पाहून त्यांनी वहिनी कशा काय आल्या म्हणून बायकोला हाक मारली, पाट मांडायला सांगितला. मी म्हणाले, "जेवते नंतर. आधी तुम्ही ऐका." त्यांनी घास ताटात ठेवला.

जेवण झालं नाही. संध्याकाळच्या गाडीने मी अकोल्याला परत आले. सांगितल्यावर हलकं वाटेल असं मी चार वर्षं धरून चालले होते. तसं काही झालं नाही. भाऊजींचा फोन अजून आलेला नाही. पण काल हिवरखेडच्या एका ओळखीच्या बाईने बाजारात सांगितलं, की दिनकरभाऊ परवा सुभेदारांच्या दारात गेले होते, बराच वेळ उभे होते, आणि सुभेदारांनी दार उघडलं नाही.